समोर बसून, सावकाश

४ मार्च, बुधवार

वकीलबाईंनी आज बजावलं, एक वही ठेवा आणि त्या वहीत रडू नका. "तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोणी पाहिलं. एवढंच. 'मला वाटलं', 'मी घाबरले' असलं काही नको. समोरचा वकील नेमकं तेच मोठ्याने वाचून दाखवतो." म्हणून येताना दोन वह्या घेतल्या. निळी कोर्टासाठी. ही 'मला वाटलं'साठी.

तर मला वाटलं की मी फार थकले आहे. झालं, लिहून टाकलं.

अर्जात त्याला 'सदर इसम' म्हणायचं आहे. बरंच झालं, त्याचं नाव लिहायला हात धजत नाही. सदर इसम दोन वर्षांपूर्वी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आमच्या केंद्रात आला. मी कान तपासते, यंत्रं बसवते आणि घरच्यांना शिकवते की कमी ऐकू येणाऱ्याशी बोलायचं कसं. समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू दे, तोंडावर हात नेऊ नका, सावकाश बोला, वाक्य संपलं की थांबा. बहुतेक लोक माना डोलावतात आणि दाराबाहेर पडायच्या आत पाठमोरे होऊन ओरडायला लागतात. हा एकटाच असा निघाला की ज्याने सगळं जसंच्या तसं उचललं. मला कौतुक वाटलं होतं आणि ते मी बोलूनही दाखवलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, हे निळ्या वहीत नको.

मग त्याची आई वारली आणि तो स्वतःचे कान तपासायला येऊ लागला. वर्षभरात नऊ वेळा. नऊही वेळा कान ठणठणीत. आवाजबंद खोलीत बसवून आम्ही शिट्ट्या ऐकवतो, ऐकू आली की बटण दाबायचं. मी शिट्टी थांबवून नुसती बसले तरी हा बटण दाबायचा, काचेपलीकडून माझ्याकडे बघत. दहाव्या वेळी मी नाही म्हणाले. तेव्हापासून तो बसथांब्यावर असतो, बसमध्ये असतो, केंद्रासमोरच्या दुकानाच्या पायरीवर असतो. फोनवर रोज नव्या नंबरावरून निरोप. 'तुम्हाला कळेल. मला घाई नाही.'

पोलिसांनी विचारलं, हात लावला का? नाही ना? मग कोर्टातून संरक्षणाचा आदेश आणा, तो मोडला की आम्ही आहोतच. म्हणजे आता आदेश आणणं माझ्याकडे.

बाबांना काही सांगितलेलं नाही. त्यांचा रक्तदाब पाहता सांगणारही नाही.

९ मार्च, सोमवार

अर्ज दाखल झाला. तीन प्रती, पानापानावर सही. पान अकरानंतर एकदम तेरा आलंय हे खिडकीतल्या कारकुनाने शोधून काढलं आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला. पुन्हा पहिल्यापासून नंबर घातले. अर्ध्या दिवसाची रजा त्यात गेली.

संध्याकाळी स्वयंपाक करता करता वकीलबाईंशी फोनवर सगळं बोलले, बाबा दोन हातांवर बसलेले असताना. घरात कमी ऐकू येणारा माणूस असल्याचा हा एक फायदा. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान तीस वर्षांत खाऊन टाकले. मी बसवलेलं यंत्र आहे, पण समोरचा चेहरा दिसला तरच त्यांना नीट कळतं. मी ओट्याशी, पाठ त्यांच्याकडे. दिवसभर वीस-पंचवीस जणांशी समोर बसून सावकाश बोललं की घरी आल्यावर माझी जीभ उचलत नाही. हे बरोबर नाही, कळतं मला.

त्यांना बागेत कोणीतरी मित्र मिळालाय. "फार सभ्य गृहस्थ," म्हणाले. नाव विचारलं तर म्हणाले, "बाकावर बसायला नाव कशाला लागतं?" आम्ही त्यांना 'बाकवाले' म्हणायचं ठरवलं. आई गेल्यापासून बाबा जेवताना आपणहून काही बोलले, असं आज पहिल्यांदा झालं.

१२ मार्च, गुरुवार

पहिली तारीख. साडेदहाला बोलावलं, सव्वातीनला पुकारा झाला, चार मिनिटांत आटोपलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, आधीची ओळख होती का? पेशंटचा मुलगा, मी म्हणाले. नऊ वेळा तपासायला आला तेव्हा हरकत का घेतली नाहीत? दर तपासणीची फी भरत होता आणि कान पुढे करत होता.

त्याला नोटीस बजावल्याशिवाय आदेश देता येत नाही. बेलिफ ती नेऊन त्याच्या हातात देणार. पुढची तारीख २६.

१७ मार्च, मंगळवार

वकीलबाईंच्या सांगण्यावरून बस बदलली. आता मागच्या रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाते आणि तिथून दुसरी बस. वीस मिनिटं जास्त लागतात. आज जाता-येता तो कुठेही नव्हता. घरी येऊन बूट न काढता तशीच खुर्चीत बसले. बाबांनी विचारलं, एवढा उशीर? म्हटलं, ही बस टाकीकडून जाते, गर्दी कमी असते. त्यांना ते ऐकवायला चार वेळा सांगावं लागलं. शेवटी कागदावर लिहून दिलं.

१९ मार्च, गुरुवार

टाकीच्या थांब्यावर तो उभा होता. जवळ आला नाही. मान लववली, ओळखीच्या माणसाला लववावी तशी.

निळ्या वहीत लिहिलं: सकाळी ८.१०, टाकीचा थांबा, साक्षीदार नाही. 

त्याला कळलं कसं? केंद्रात मी फक्त काउंटरवरच्या बाईला सांगितलं होतं.

२६ मार्च, गुरुवार

नोटीस परत आली. शेरा: 'पत्त्यावर इसम आढळून आला नाही. घरास कुलूप.' बेलिफ स्वतः कोर्टात होता. दोन महिन्यांनी निवृत्त होणारा, गुडघे धरून चालणारा माणूस. "तीनदा गेलो हो बाई. शेजारी म्हणतात, कधी येतो कधी जातो पत्ता नाही. सकाळी जातो, संध्याकाळीही नसतो." मी म्हटलं, सकाळी माझ्या थांब्यावर असतो. तो म्हणाला, मग तिथे देतो. न्यायाधीशबाई म्हणाल्या, द्या. दोन दिवस बेलिफ माझ्याबरोबर थांब्यावर उभा राहणार आहे.

३१ मार्च, मंगळवार

बेलिफ सोमवारी आणि आज आला. सदर इसम मात्र दोन्ही दिवस आला नाही. बेलिफने माझ्याकडे असं बघितलं की आता मलाच वाटायला लागलं, मी बनाव रचतेय. बिचारा गुडघे चोळत परत गेला.

एक चांगली गोष्ट. बाबा खुशीत आहेत. बाकवाल्यांनी त्यांना यंत्राचे सेल आणून दिले, नेमके त्यांच्या नंबरचे. त्यांच्या घरी कोणी वापरायचं म्हणे, उरले होते. बाबा म्हणाले, "अगं, तो माणूस तुझ्यासारखा बोलतो. समोर वळून बसतो, उन्हाकडे तोंड करून. तोंडावर हात नाही, घाई नाही. वाक्य संपलं की थांबतो. माझा एक शब्द सुटत नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं मी हेच घसा कोरडा करून शिकवतेय. माझ्याच हाताखालून गेलेल्या कुणाच्या तरी घरचा असणार तो. शिकवलेलं कुठेतरी पोचलं आणि फिरून माझ्याच बापाच्या कामी आलं. या महिन्यात मला इतकं बरं दुसऱ्या कशानेच वाटलेलं नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

आता केंद्राच्या मागच्या दाराने निघते, उशीर का म्हणून बाबांनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. औषधाच्या दुकानाच्या बोळातून. आठवडाही झाला नाही, आणि आज बोळाच्या तोंडाशी तो. "तुम्ही दमलेल्या दिसता," म्हणाला. सावकाश, स्पष्ट, माझ्याकडे तोंड करून. मी परत आत पळाले.

आणि मग मी काउंटरवरच्या बाईला वाट्टेल ते बोलले. मागच्या दाराचं तुलाच माहीत होतं, टाकीच्या बसचं तुलाच माहीत होतं, किती घेतलेस त्याच्याकडून? आठ वर्षं आम्ही डबा एकत्र खातो. तिने आपला डबा उचलला आणि आतल्या खोलीत गेली. दुसरं कोण असणार पण?

९ एप्रिल, गुरुवार

दुसरी नोटीसही परत. न्यायाधीशबाईंनी माझे कागद पुन्हा चाळले. नऊ तपासण्यांचे आलेख आमच्या डॉक्टरांनी शेवटी दिले, तेही महिनाभर गोपनीयतेचं तुणतुणं वाजवून. वकीलबाईंनी त्यातल्या खुणा दाखवल्या, शिट्टी नसताना दाबलेलं बटण. न्यायाधीशबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला समजतंय. पण त्याला कळवल्याशिवाय हात बांधलेले आहेत. माणूस शोधा." पुढची तारीख २३.

माणूस शोधा. तो मला दिवसातून दोनदा सापडतो, कोर्टाला सापडत नाही.

१२ एप्रिल, रविवार

दिवसभर झोपले. उठल्यावर वाटलं, अर्ज मागे घ्यावा. एकटा माणूस आहे. आई गेली, घरात बोलायला कोणी नाही. मी वर्षभर त्याच्याशी गोड बोलले, कारण ते माझं काम आहे. त्याला काम आणि माया यातला फरक कळला नाही, हा काय मोठा गुन्हा? एकदा समोरासमोर बसून सांगितलं तर ऐकेल कदाचित.

हे पान वकीलबाईंच्या हाती पडलं तर माझी धडगत नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

सावकाश लिहिते.

मी भांडी घासत होते. बाबा आतून आले आणि खांद्याला हात लावून त्यांनी मला वळवलं. म्हणाले, "तू गुरुवारी कोर्टात का जातेस?"

मी विचारलं, कोणी सांगितलं?

"बाकवाले म्हणाले. म्हणाले, तुमच्या मुलीला सांगा, कोर्टाचे एवढे हेलपाटे नका घालू, तब्येत उतरलीय. समोर बसून, सावकाश बोललं की सगळं मिटतं. मी म्हटलं, मग घरीच या की. येत्या रविवारी चहाला येतोय तो." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "का गं? काय झालं? अगं, बोल. मला दिसेल असं बोल."

समोर बसून, सावकाश. हे माझे शब्द आहेत. मी ते कुणाला शिकवले, तो उन्हाकडे तोंड करून का बसतो, सेल कोणाच्या यंत्रातले उरले, हे सगळं या ३१ तारखेच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे मला.

नळ चालूच राहिला होता. तो बंद केला आणि बाबांना खुर्चीत बसवलं.

१५ एप्रिल, बुधवार

काल सांगून झाल्यावर बाबा म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं, सगळं, पहिल्या तपासणीपासून. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग स्वतःच मोजायला लागले. "टाकीची बस मी सांगितली. मागच्या दाराचंही मीच. सोमवारी डॉक्टर नसतात, तू एकटी असतेस, तेही. तू लहानपणी अंधाराला घाबरायचीस, दिवा ठेवून झोपायचीस, हेसुद्धा सांगितलं गं त्याला मी." मी म्हटलं, बाबा, चूक माझी आहे, मी लपवलं. ते म्हणाले, "तू लपवलंस आणि मी सगळं वाटत सुटलो." आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आज सकाळी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो रोज संध्याकाळी सहाला कुठे असतो हे आता आपल्याला माहीत आहे." मला अर्थ कळला आणि मी सरळ नाही म्हणाले. बाबांना मी त्याच्या शेजारी नेऊन बसवणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, दुसरा मार्ग असेल तर सांगा. आणि रविवारी तो तुमच्या दारात आहे.

बाबा समोरच होते. मी ओट्याकडे वळले नव्हते, त्यांना सगळं दिसलं होतं. म्हणाले, "मी बसतो. मला बाकावर बसायचंच तर आहे."

दुपारी काउंटरवरच्या बाईची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. डबा अजून वेगळाच खातेय. तिचं बरोबर आहे.

१६ एप्रिल, गुरुवार

मला बागेत जायची मनाई होती. वकीलबाईंच्या कार्यालयात, फायलींच्या कपाटाला टेकून बसले होते. त्यांनी पाणी दिलं ते तसंच हातात राहिलं. सहा वाजले, सव्वासहा. या बाईंच्या घड्याळाचा आवाज मला आजवर कधी ऐकू आला नव्हता.

सहा पस्तीसला बेलिफचा फोन. "दिली. हातात दिली, सही घेतली. दोन माळी साक्षीला. काही गडबड नाही. आधी कागद वाचला, मग हसला जरा. मग म्हाताऱ्या बाबांकडे वळून काहीतरी बोलत बसला, चांगली पाच-सात मिनिटं. पण बाबांना डुलकी लागली होती हो. शेवटी उठून गेला. मी गेटपर्यंत बघितला त्याला, आणि बाबांना सोडलं तुमच्या इमारतीपाशी."

घरी पोचले तर बाबा कपडेही न बदलता पलंगावर पडले होते. यंत्र काढून डबीत ठेवलेलं. त्यांच्या वयाला एवढा ताण झेपणार कसा, बाकावर झोप लागली यात नवल नाही. पांघरूण घातलं.

२३ एप्रिल, गुरुवार

आदेश मिळाला. सदर इसमाने अर्जदाराच्या घरापासून, कामाच्या जागेपासून आणि अर्जदाराच्या वडिलांपासून दोनशे मीटर दूर राहावे, कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये, एक वर्ष. 'अर्जदाराच्या वडिलांपासून' हे न्यायाधीशबाईंनी स्वतः घालायला सांगितलं. तो आला होता, वकील घेऊन. सगळा वेळ माझ्याकडे तोंड करून उभा होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

दीड पानाचा कागद आणि खाली गोल शिक्का. त्याने उद्या तो मोडला तर पोलिसांकडे जायचं, एवढाच त्याचा अर्थ. आनंद व्हायला हवा होता, नुसती भूक लागली. एक प्रत पोलीस ठाण्यात दिली, एक केंद्रात, एक पाकिटात कायम ठेवायची आहे.

घरी आले. बाबा आठवडाभर बागेत गेलेले नाहीत. यंत्रही घालत नाहीत, खिडकीशी बसून असतात. सवयीने ओट्याकडे गेले, गॅस पेटवला, आणि मग बंद केला. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, खिडकीकडे तोंड करून. डबीतून यंत्र काढून त्यांच्या कानात बसवलं आणि आदेश वाचून दाखवला. सावकाश, दर वाक्याला थांबत. 'वडिलांपासून' आलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

मग मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला झोप लागली होती का, बाबा? बेलिफ म्हणाला, तो शेवटी बराच वेळ बोलत होता तुमच्याशी."

"झोप कसली," बाबा म्हणाले. "माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बोलत होता. यंत्र मी आधीच बंद करून ठेवलं होतं. पण त्याचे ओठ कळतात गं मला, फार नीट बोलतो तो. 'बाबा, तुम्ही तरी' एवढं दिसलं. मग मी डोळे मिटले."

त्यांना बाकावर शेजारी बसलेला दुसरा माणूस किती वर्षांनी मिळाला होता, हे मला माहीत आहे.

"किती वेळ मिटून ठेवायचे ते कळेना," म्हणाले. "तो गेला की नाही, हे मला ऐकू थोडंच येणार होतं? बेलिफने हाताला धरलं तेव्हा उघडले."

जेवायला उशीर झाला. तिथेच बसून मी त्यांना कोर्टातले सगळे दिवस सांगितले, कारकून, पान अकरा आणि तेरा, न्यायाधीशबाईंचा चष्मा, सगळं. सांगताना मधेच माझा हात तोंडाशी गेला. बाबांनी तो धरून खाली ठेवला आणि म्हणाले, हं, पुढे?